पडद्यावरच्या आईचे लुगडे



माझा लेख म्हटला की तुम्ही बियाणे, खत, तण आणि कीड यांची वाट पाहणार. पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी म्हणून नोकरी करणाऱ्या बाईने दुसरे काय लिहावे? पण आज मी लुगड्याविषयी बोलणार आहे. तेही आपल्या पेटीतल्या नव्हे, तर सिनेमा-मालिकांच्या पडद्यावरच्या लुगड्याविषयी. चाळीस-पन्नास वर्षांच्या बाईला पडद्यावर काय नेसवतात, का नेसवतात आणि ते पाहून आपल्या घरातली त्याच वयाची बाई स्वतःविषयी काय ठरवून बसते, हा आजचा विषय आहे. विषय करमणुकीचा वाटेल. पण त्याचे एक टोक थेट पेरणीपर्यंत येऊन पोहोचते. ते कसे, हे पुढे सांगते.

मी स्वतः पन्नाशी ओलांडलेली आहे. बी.एस्सी. ॲग्री. होऊन नोकरीला लागले तेव्हा गावात शिरले की बायाबापड्या 'शेतीवाली पोरगी आली' म्हणायच्या. आता एखादी नवी सून पाण्याचा तांब्या पुढे करून 'आजी, पाणी घ्या' म्हणते. पोरगी आणि आजी यांच्या मध्ये माझी सगळी नोकरी झाली. त्या मधल्या वयाला हाक मारायला जणू शब्दच नव्हता! पडद्यावरही नेमके तसेच आहे. तिथे बाई एक तर नायिका असते, नाही तर आई. नायिकेची आई व्हायला मधली वर्षे लागत नाहीत, एक लुगडे बदलले की पुरे होते.

आधी जुन्या सिनेमाचे पाहू. 'मदर इंडिया' आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल, कुणी जत्रेतल्या तंबूत, कुणी टी.व्ही.वर. मेहबूब खान यांचा हा चित्रपट १९५७ साली आला. सावकाराच्या कर्जात अडकलेली, स्वतः नांगर ओढणारी, पोरे वाढवणारी राधा त्यात आहे. सुरुवातीलाच ती म्हातारी दिसते. गावात कालवा आलेला असतो आणि त्याचे उद्घाटन तिच्या हातून व्हायचे असते. शेतकरी बाईला एवढा मान पडद्यावर क्वचितच मिळाला असेल. राधेचे काम नर्गिसने केले आणि तिच्या धाकट्या मुलाचे, बिरजूचे, सुनील दत्तने. आता दोघांचे जन्म पाहा. नर्गिस १ जून १९२९ आणि सुनील दत्त ६ जून १९२९. आई लेकापेक्षा पाच दिवसांनी मोठी! पुढच्याच वर्षी, १९५८ साली, दोघांनी लग्न केले.

बैलबाजारात आपण जनावराचे दात पाहिल्याशिवाय बोली लावत नाही. सिनेमात दात कुणी पाहतच नाही. मला शेताची नोंदवही ठेवायची सवय, म्हणून एकदा ही नोंदही केली. 'सुजाता' चित्रपट १९५९ चा. त्यात आपल्या सुलोचनाबाई आई झाल्या. त्यांचा जन्म १९२८ चा. त्यांच्या मुली झालेल्या नूतन आणि शशिकला यांचे जन्म १९३६ आणि १९३२ चे. म्हणजे एक लेक आईपेक्षा आठ वर्षांनी लहान, दुसरी चार वर्षांनी. 'दीवार' १९७५ चा. निरूपा रॉय यांचा जन्म १९३१ चा, त्यांचे मुलगे झालेले शशी कपूर १९३८ चे आणि अमिताभ बच्चन १९४२ चे. वहिदा रेहमान १९७६ साली 'कभी कभी'त अमिताभची बायको होती आणि १९७८ साली 'त्रिशूल'मध्ये त्याची आई. त्याच 'त्रिशूल'मध्ये राखी त्याची प्रेयसी होती. चार वर्षे गेली, १९८२ साली 'शक्ती' आला, आणि राखीसुद्धा त्याची आई झाली. तिचा जन्म १९४७ चा, म्हणजे लेकापेक्षा ती पाच वर्षांनी धाकटी. 'अग्निपथ'मध्ये १९९० साली रोहिणी हट्टंगडी आई झाल्या, त्यांचा जन्म १९५१ चा. आणि 'वास्तव'मध्ये १९९९ साली रीमा लागू संजय दत्तची आई झाल्या, तेव्हा दोघांत अंतर जेमतेम एका वर्षाचे होते.

या नोंदीत एक गोष्ट सहज दिसते. पुरुष तोच राहतो. चाळिशी गाठली, पन्नाशी ओलांडली, तरी तो नायकच असतो. त्याच्या शेजारची बाई मात्र दर चार-पाच वर्षांनी बदलते आणि उतरलेली बाई त्याची आई होऊन परत येते.

या अभिनेत्रींना मी दोष देत नाही. सुलोचनाबाईंनी पडद्यावरच्या आईला जी सोशीक माया दिली, ती पाहून दोन पिढ्या रडल्या आहेत. येवल्याच्या ललिता पवार तरुणपणी नायिका होत्या. १९४२ साली चित्रीकरणात थप्पड जोरात बसली, डोळ्याला कायमची इजा झाली. त्यातून उठून त्यांनी कजाग सासू अशी उभी केली की गावात कुणाला 'ललिता पवार' म्हटले की पुढे काही सांगावे लागत नसे. या बायांनी मिळाले ते काम सोने करून दिले. प्रश्न आहे तो त्यांना मिळाले काय, हा.

अठ्ठावीस-तीस वर्षांच्या बाईला पोरसवदा नायकाची आई म्हणून प्रेक्षकाने मानायचे कसे? तिथे कपडा कामाला येतो. पांढरे किंवा मळकट रंगाचे सुती लुगडे, डोक्यावरून पदर, हातात बांगड्या नाहीत किंवा असल्या तर एखाद-दुसरी, कानशिलाजवळ पांढरा हात फिरवलेला आणि कोपऱ्यात शिलाई यंत्र. एवढे केले की पडदा उघडताच शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळते, ही आई आहे. तंबूत बसलेल्या हजार माणसांना क्षणात ओळख पटवायची तर अशी खूण लागतेच, हे मी समजू शकते. आपणही बियाण्याच्या पिशवीला रंगीत खुणचिठ्ठी लावतो.

पण ही चिठ्ठी आली कुठून? पांढरे लुगडे ही मुळात आपल्या शेतकरी घराची रीत नव्हे. बंगालात आणि उत्तरेत विधवेला पांढरे नेसवत. आपल्याकडे काही जातींत तांबडे आलवण होते. आणि कुणब्याच्या घरची बाई, नवरा गेला तरी, सहसा रंगीत लुगडेच नेसत आली. तिचे कुंकू आणि चुडा गेला, हे दुःख खरे. पण हिरवे-जांभळे इरकल नेसून ती दुसऱ्या दिवशी वावरात जातच होती, कारण पीक सुतक पाळत नाही. सिनेमाने मात्र मधल्या वयाच्या सगळ्याच बायांना हळूहळू फिका रंग चढवला, नवरा जिवंत असो वा नसो.

नऊवारीचे तर याहून मोठे नवल आहे. तमाशापटांनी 'सांगत्ये ऐका'पासून, म्हणजे १९५९ पासून, नऊवारी घराघरात पोहोचवली, पण ती लावणीच्या फडातली. चापूनचोपून नेसलेली, जरीची, विशीतल्या नर्तकीची. नऊवारीचा खरा जन्म कष्टासाठी आहे. कासोटा घातला की वाकता येते, उकिडवे बसता येते, माळ्यावर चढता येते. ओच्यात शेंगा घेता येतात. पाचवारी नेसून भाताच्या चिखलात उतरून पाहा म्हणजे फरक कळेल. हे लुगडे आपल्याकडे चाळिशी-पन्नाशीची बाईच कामाला वापरत आली. पडद्याने तिच्याकडून ते घेतले, तरुण पोरीला दिले आणि तिच्या अंगावर पांढरी पाचवारी टाकली.

पुढे घराघरात मालिका आल्या. 'चार दिवस सासूचे' २००१ ला सुरू झाली ती २०१३ पर्यंत चालली. त्यानंतरच्या मालिकांची मोजदाद कोण करणार? मालिकांनी पांढरे लुगडे काढले हे खरे, पण दुसऱ्या टोकाला गेल्या. आता पन्नाशीची बाई पहाटे उठते ती रेशमी साडीत, गळ्यात ठुशी, मोहनमाळ, कानात झुबे. पोळ्या लाटताना भाराभर बांगड्या आणि कपाळाला घामाचा थेंब नाही. रात्री झोपते तीही याच थाटात. सालस असेल तर मऊ रंग, दुष्ट असेल तर डोळ्यांत काजळ आणि कपाळभर टिकली. आणि मधेच 'पंधरा वर्षांनंतर' अशी पाटी येते. त्या पंधरा वर्षांत बाईच्या अंगावर काय पडते? कानशिलाजवळ केसांची एक पांढरी बट! खरी पंधरा वर्षे कशी जातात ते आपल्याला माहीत आहे. गुडघे बोलू लागतात, डोळ्यांना जवळचे दिसेनासे होते, पाळी थांबण्याच्या दिवसांत अंगाची आग होते आणि त्याच वर्षांत घराचा अर्धा कारभार तिच्या डोक्यात येऊन बसतो. यातले पडद्यावर फार थोडे येते.

'बाई, सिनेमा तो सिनेमा. त्याचे एवढे काय?' असे तुम्ही म्हणाल. तेच आता सांगायचे आहे.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका गावात बीजप्रक्रियेवर माहितीपट काढायला मंडळी आली होती. कुणाची, ते इथे महत्त्वाचे नाही. त्या गावात एक काकू आहेत, तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. शिक्षण चौथीपर्यंत. पण सोयाबीनच्या बियाण्याचे त्यांना जे कळते ते कृषी पदवीधरालाही ऐकत राहावेसे वाटेल. घरचे बी असेल तर पेरणीआधी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गोणपाट गुंडाळून ठेवायचे, रोज पाणी शिंपडायचे आणि आठव्या दिवशी मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बी चांगले. त्याहून कमी असेल तर बियाण्याचे प्रमाण वाढवायचे, फारच कमी असेल तर बी बदलायचे. बचत गटातल्या प्रत्येक घराचे बी काकू असे तपासून घेत. बुरशीनाशक आणि जिवाणू खत कसे लावायचे हेही त्याच दाखवत. माझ्या प्रात्यक्षिकाला मी त्यांनाच पुढे उभे करत असे, कारण माझ्यापेक्षा त्यांचे बायका जास्त ऐकत.

चित्रीकरणाला मी काकूंचेच नाव सुचवले होते. दिग्दर्शकाने त्यांच्याकडे पाहिले. चेहरा उन्हाने रापलेला, पुढचे केस पिकलेले, लुगडे कामाचे. मग त्याने दारात उभ्या असलेल्या बावीस वर्षांच्या सुनेकडे पाहिले. म्हणाला, 'शेतकरी स्त्री म्हणून ही शोभेल. हिला नवी नऊवारी नेसवू, नथ घालू. ह्या मागे ओट्यावर धान्य निवडत बसतील, आजी म्हणून. पांढरी साडी असेल तर आणखी बरे दिसेल.'

काकूंनी ओट्याकडे बोट केले. तिथे त्यांचे यजमान विडी ओढत बसले होते. 'धनी धडधाकट बसलाय समोर, आन् मला पांढरं कशापायी नेसवता?'

सगळे हसले. पांढरी साडी टळली, पण जागा बदलली नाही. काकू ओट्यावर, सून नवी नऊवारी नेसून बियाण्यापुढे. पोरगी बिचारी शहाणी, पण सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली, माहेरी शेती नाही. कॅमेरा सुरू झाला आणि तिने आधी रायझोबियमचे पाकीट फोडले. ओट्यावरून आवाज आला, 'आगं, जिवाणू शेवटी! आधी बुरशीनाशक!'

'आजी, मधे बोलू नका,' दिग्दर्शक म्हणाला.

मी पुढे होऊन चित्रीकरण थांबवले. काकूंचे म्हणणे बरोबर होते. बियाण्याला आधी बुरशीनाशक लावायचे, ते सुकू द्यायचे आणि जिवाणू खत सगळ्यात शेवटी, पेरणीच्या तोंडावर लावायचे. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम हे प्रमाण. मग बी सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे. क्रम चुकला, जिवाणूंवर बुरशीनाशक पडले, तर जिवाणू मरतात आणि पैसे पाण्यात जातात. शिवाय सोयाबीनचे साल नाजूक, बी जोरात चोळले तर साल निघते आणि उगवण घटते. सुनेला हे हाताने जमेना. शेवटी तोडगा निघाला. जवळून दाखवायचे हात काकूंचे घेतले आणि चेहरा सुनेचा.

माहितीपट तयार झाला. गावात देवळापुढे पडदा लावून दाखवला. काकूंच्या मनगटावर चुलीने भाजल्याचा जुना डाग आहे. तो पडद्यावर दिसला तशा त्या शेजारणीला म्हणाल्या, 'हात माझं हायती.' आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मलाही तेव्हा गंमतच वाटली.

पुढच्या हंगामाआधी प्रशिक्षण ठेवले तर काकू आल्या नाहीत. निरोप आला, 'सूनबाईला बोलवा. फिलममधी तीच हाय. या वयात मी कशाला पुढंपुढं करू?' बायका सुनेला विचारू लागल्या, ती गोंधळू लागली. गोणपाटाची तपासणी त्या वर्षी घरोघर झाली नाही. पाऊस वेळेवर झाला, तरी गटातल्या दोन घरांचे बी नीट उगवले नाही. दुबार पेरणी म्हणजे काय असते ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको. बी दुसऱ्यांदा, मजुरी दुसऱ्यांदा, आणि हातचे पंधरा दिवस गेले ते गेलेच.

त्यातून वाट काढली ती सुनेने. दिवाळीनंतर गटाची बैठक होती. हिशेब झाल्यावर ती पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, 'मला बियाण्याचं काई इचारू नका. फिलममधलं तोंड माझं हाय, हात आत्याचे हायत. आन् मी बी आत्याकडूनच शिकनार हाय.' पुढच्या बैठकीला ती सासूला हाताला धरून घेऊन आली. आज दोघी मिळून गटाचे बी तपासतात. सून आता चांगली तयार झाली आहे, आणि शिकली कुणाकडून हे ती दरवेळी सांगते.

वाचकहो, त्या दिग्दर्शकाच्या मनात खोट नव्हती. वर्षानुवर्षे पडद्यावर जे पाहिले तेच त्याने मांडले. तरुण बाई म्हणजे काम करणारी आणि पिकल्या केसांची म्हणजे ओट्यावर बसणारी. पण खरी गोष्ट उलटी असते. आंब्याच्या कलमाला चार-पाच वर्षांनी फळ धरते, भरघोस पीक त्याच्या किती तरी पुढे येते. घरातली बाईही तशीच. चाळिशीनंतर तिला बियाणे कळते, माणसे कळतात, सावकाराची आणि दुकानदाराची भाषा कळते. नेमक्या त्याच वयात तिला पडदा सांगतो, आता मागे सरक.

अशीच एक गोष्ट चष्म्याची. आपली भाषा किती चतुर पाहा, जवळचे वाचायच्या चष्म्याला तिने 'चाळिशी' हेच नाव दिले. चाळिशीच्या आसपास प्रत्येकाला जवळचे अंधुक दिसू लागते. तो रोग नव्हे, वय आहे. पण पडद्यावर चष्मा कोण लावते? कडक मुख्याध्यापिका, वकीलीणबाई किंवा नायिका सुंदर व्हायच्या आधीची मुलगी, जी चष्मा काढला की एकदम देखणी होते. कर्तबगार शेतकरी बाई चष्मा लावून बियाणे निवडते आहे, असे चित्र मी तरी पडद्यावर पाहिलेले नाही. म्हणून गावात पुरुष चाळिशी लावतात आणि बायका 'म्हातारी दिसेन' म्हणून लावत नाहीत. भात निवडताना खडा सुटतो, सुई ओवायला नातवाला बोलवावे लागते, इथवर ठीक. पण कीटकनाशकाच्या बाटलीवरची अक्षरे बारीक असतात. बाटलीवरचा त्रिकोण रंगाने ओळखता येतो, लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा सर्वांत कमी विषारी. पण एका पंपाला किती मिली घालायचे, फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, विषबाधा झाली तर काय करायचे, हे अक्षरांतच लिहिलेले असते. फवारा मारणारा पुरुष असला तरी माप ओतून देणारी, पाणी भरणारी आणि त्याचे कपडे धुणारी बहुधा घरची बाईच असते. तिला ती अक्षरे दिसली पाहिजेत. 'म्हातारी दिसेन' ही भीती तिथे फार महाग पडते.

फवारणीवेळी घालायचा लांब बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि कापूस वेचताना डोक्याला बांधायचे फडके यांचेही तेच आहे. तरुण पोरी आता बिनदिक्कत सदरा चढवतात. पंचेचाळिशीची बाई म्हणते, 'या वयात पुरुषाचा सदरा घालून सोंग कशाला?' सोंग तर पडद्यावर चालते, बाई. तुमचा सदरा अंगाला विष लागू नये म्हणून आहे.

आता बरे घडले आहे तेही सांगितले पाहिजे, नाही तर माझा लेख नुसत्या तक्रारीचा होईल. रीमा लागूंनी 'मैंने प्यार किया'पासून, म्हणजे १९८९ पासून, पडद्यावरच्या आईला रंगीत साड्या आणि हसरा चेहरा दिला. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'मध्ये त्या दोन लग्नाळू मुलींच्या आई होत्या, पण विझलेल्या नव्हत्या. २०१२ साली गौरी शिंदे यांचा 'इंग्लिश विंग्लिश' आला. त्यात श्रीदेवीची शशी गोडबोले लाडू विकते, अमेरिकेत जाते, इंग्रजी शिकते आणि तिथेही साडीच नेसते. तिला मोठी करायला कुणी तिचे कपडे बदलले नाहीत. २०१९ साली सुरू झालेल्या 'अग्गंबाई सासूबाई' मालिकेत निवेदिता सराफ यांनी केलेली आसावरी सून घरात आल्यावर दुसरे लग्न करते. आणि २०२३ साली केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला. सहा बहिणी, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाची पाळी थांबत आलेली, आणि मंगळागौरीचे खेळ खेळतात. तो पाहायला बाया गटागटाने साड्या नेसून, नटून, गॉगल लावून चित्रपटगृहात गेल्या. तरुण नायिका नसलेला मराठी चित्रपट एवढा चालतो, हे पाहून धंदेवाल्यांनाही नवल वाटले असेल. ज्या वयाच्या बाईला गिऱ्हाईक म्हणून कुणी मोजत नव्हते, तिनेच तिकिटे काढली होती.

तरी या गोष्टी बहुतेक शहरातल्या घरांतल्या आहेत. वावरात उभी असलेली पंचेचाळिशीची बाई, जिच्या हाताखाली चार मजूर आहेत आणि जिच्या कनवटीला कर्जाची पावती आहे, ती अजून पडद्यावर यायची आहे.

मात्र पडद्याची वाट न पाहता एका गावाने काय केले ते ध्यानात ठेवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हे करण्यास सांगितले. पडदा ज्या रंगावर साठ-सत्तर वर्षे अडून बसला होता, त्यावर एका गावाच्या सभेत निर्णय झाला. ठराव केला की मन लगेच बदलते असे नाही. पण बाईने काय नेसावे, काय लावावे हे तिचे तिने ठरवायचे, हे चारचौघांत बोलले गेले, याची किंमत मोठी आहे.

तेव्हा माझी चार मागणी आहेत, असे समजा.

पुरुष मंडळींनो, पोरीच्या लग्नाला, सुनेच्या ओटीला साडी घेता, तशी बैलपोळ्याला किंवा मळणी झाल्यावर घरच्या बाईलाही घ्या आणि रंग तिला विचारून घ्या. 'आता तुला काय करायचाय झगमग रंग' हे वाक्य घरातून काढून टाका. त्याच फेरीत तिचे डोळे तपासून आणा. वाचायचा साधा चष्मा फार महाग नसतो, एका बाटली औषधापेक्षा तो नक्कीच जास्त दिवस टिकतो.

सुनांनो आणि लेकींनो, तुमच्या हातात आता कॅमेऱ्याचा फोन आहे. शेतीशाळेचा, बचत गटाचा फोटो काढताना सासूला, आईला मागच्या रांगेत जाऊ देऊ नका. काम करतानाचा तिचा फोटो काढा, चष्म्यासकट, सदऱ्यासकट. पडद्यावर जे चित्र नाही ते तुम्ही काढू शकता.

शिक्षक आणि कार्यकर्त्यांनो, गावात माहितीपट काढणारे आले तर आधी विचारा, हे काम गावात खरोखर कोण करते? तीच बाई पुढे उभी करा आणि तिच्याच कपड्यात करा.

आणि माझ्या वयाच्या भगिनींनो, तुम्हाला सांगायचे एवढेच. मालिका जरूर पाहा. दिवसभर राबून घटकाभर बसलात तर कुणाच्या बापाचे काही जात नाही. साडी आवडली तर तसलीच घ्या. पण पडद्यावरच्या बाईने केस पांढरे केले म्हणून तुम्ही ओट्यावर जाऊन बसू नका. येत्या हंगामात तुमच्या गावात बियाण्याचे प्रात्यक्षिक होईल, तिथे नव्या सुनेला घेऊन या आणि तिच्या शेजारी पुढच्या रांगेत बसा. तुम्हाला जे येते ते आमच्या पुस्तकात सगळे नाही. लुगडे कुठल्याही रंगाचे असू द्या, तुम्ही बोललात तर त्या रांगेतल्या चार जणींचे बी नीट उगवेल.